नव्या पुलावर पहिली गाडी

पुलाच्या कामावर किस्से कसे जमतात ते विचारू नका. सिमेंटच्या गोण्या कुलपात ठेवाव्या लागतात. किस्से उघड्यावर पडलेले असतात आणि कुणी चोरूनही नेत नाही. सत्तर सालाच्या आसपास मी ओव्हरसिअर होतो. चोपड्याच्या बाजूला एका नदीवरचा जुना दगडी पूल सांभाळायचा आणि शेजारी नवा बांधायचा, असं दुहेरी काम आमच्या गळ्यात आलं होतं. साहेबांचा गावावर संशय, गावाचा साहेबांवर, आणि माझा दोघांवर!

साहेब म्हणजे दातारसाहेब, आमचे डेप्युटी इंजिनिअर. पुण्याकडचे, सरळ माणूस, पण घाबरट. जुन्या पुलाच्या मधल्या खांबाला भेग गेली होती. "हा पूल भरल्या एसटीसकट खाली बसला तर मला जन्मभर झोप लागणार नाही," असं ते रोज सकाळी चहाबरोबर म्हणत. आम्हाला हसू यायचं. पण त्यांची भीती खरी होती, हे मला तेव्हाही कळत होतं.

*

पुलावरचा भार कमी व्हावा म्हणून साहेबांनी हुकूम काढला. एसटी अलीकडे थांबवायची, उतारूंनी चालत पलीकडे जायचं, गाडी रिकामी न्यायची.

पहिल्या दिवशी मी जातीने उभा. उतारू उतरेनात. गाडी आमचं सामान घेऊन निघून गेली तर? ड्रायव्हर ओळखीचा, कंडक्टर तर त्याच गावचा जावई, तरी संशय! शेवटी तोड निघाली. प्रत्येक घरातलं एक माणूस सामानाच्या राखणीला आत बसेल, बाकीचे उतरतील.

गाडी पलीकडे पोचल्यावर कंडक्टर माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "भाऊसाहेब, उतरली ती सगळी पोरंटोरं आणि काटकुळी मंडळी. राखणीला प्रत्येकाने घरातलं वजनदार माणूस ठेवलंय."

*

भेग वाढते की नाही हे कळावं म्हणून आम्ही तिच्यावर आडवी काचेची पट्टी चिकटवत असू. भेग जराशी रुंदावली की काच तडकते. सोपी युक्ती.

एका सकाळी काच फुटलेली दिसली. साहेबांनी दोन्ही बाजूंनी रस्ता बंद केला, गाड्यांच्या रांगा लागल्या, शिव्याशाप झाले. नवी काच लावली, तीही फुटली. साहेबांचा चेहरा उतरला. मला मात्र वेगळीच शंका आली, कारण काचेच्या चुऱ्याशेजारी एक गोटा पडला होता.

मी पाळत ठेवली. भरदुपारी नदीत गुरं चारणारे एक आबा आले, इकडेतिकडे पाहिलं आणि गोटा उचलला.

"आबा, काच का फोडता?"

आबा जराही कचरले नाहीत. "तुम्ही जठे काच लावतस तठेच तडा जास, भाऊसाहेब. मी फोडस म्हनीसन पूल उभा शे."

*

नव्या पुलाचं काम सुरू झालं तसा अवजड गाड्यांसाठी पात्रातून कच्चा रस्ता काढला. जुना रस्ता एका कापडवाल्या शेठजींच्या दारावरून जायचा, कच्चा रस्ता दुसऱ्या कापडवाल्याच्या. दोघे एकमेकांचे साडू.

पहिले शेठजी ऑफिसात आले. "साहेब, माझं गिऱ्हाईक तुम्ही मुद्दाम साडूकडे वळवलंत."

ते गेले आणि दुसरे आले. "साहेब, साडूचं ऐकून तुम्ही सगळी धूळ माझ्या ताग्यांवर सोडलीत. तो आत्ताच येऊन गेला, मला ठाऊक आहे."

ते गेल्यावर साहेब म्हणाले, "या कामावर आल्यापासून एवढं एकच वाक्य खरं ऐकलं. तो येऊन गेला, हे!"

*

पुलाला माणूस लागतो, पायात लहान मूल पुरलं तरच पूल टिकतो, ही आवई आमच्या आधीच कामावर हजर झाली होती. साहेबांची जीप दिसली की आया पोरांना ओढून घरात न्यायच्या. साहेबांना फार वाईट वाटायचं. हा संशय घालवायचा म्हणून त्यांनी मला न विचारता एक उपाय केला. शाळेबाहेर जीप थांबवून पोरांना लिमलेटच्या गोळ्या वाटल्या!

दुसऱ्या दिवशी कामावर एकही मजूर नाही. आल्या त्या फक्त अक्का. वयाने गावात सगळ्यांत मोठ्या, हातात काठी. त्यांचा शब्द गाव मोडत नसे. पायाच्या खड्ड्याच्या काठावर उभ्या राहून साहेबांना म्हणाल्या, "माले खाले उतार. पाहू दे काय पुरेल शे."

शिडी लावली. अक्कांनी खड्ड्याचा कोपरा न् कोपरा काठीने टोचून पाहिला आणि वर आल्या.

साहेबांनी आशेने विचारलं, "अक्का, आता पटलं ना?"

"आज ते काही नही. सकाय परत येसू."

आणि खरोखरच, मजूर कामावर परतले तरी पाया भरून होईपर्यंत त्या रोज सकाळी येऊन खड्ड्यात उतरत होत्या.

*

नवा पूल उभा राहिला आणि वेगळीच पंचाईत झाली. पायात कुणाला पुरलं नाही, हे तर अक्कांनी स्वतः पाहिलेलं. म्हणजे पुलाची भूक बाकी. पहिली गाडी तो घेणार, हे गावात पक्कं झालं. नव्या पुलावर कुणी चाक घालेना. जुन्याच्या तोंडाशी ड्रम लावले की लोक ते सारून जुन्यावरूनच जात.

तशात सातपुड्यात पाऊस झाला. नदी चढली, कच्चा रस्ता बुडाला. जुन्या पुलाच्या भेगेपर्यंत पाणी आलं. साहेब जुन्या पुलाच्या तोंडाशी आडवे उभे राहिले आणि कुणालाच सोडेनात. त्यांचे डोळे भरून आले होते. मला त्या दिवशी त्यांचं हसू आलं नाही.

रांगेत सगळ्यांत पुढे अक्कांच्या मुलाची बैलगाडी होती, केळीच्या घडांनी भरलेली. स्टेशनात केळी नेणारा रेल्वेचा डबा गाठायचा होता. साहेब त्याला म्हणाले, "तू नव्यावरून जा. मी पुलाखाली उभा राहतो. पडला तर माझ्या डोक्यावर पडेल." आणि ते खरंच काठाजवळच्या गाळ्याखाली, काठ आणि पहिल्या खांबामधल्या कोरड्या जागेत, जाऊन उभे राहिले.

साहेब तिथे टिकतील, हे काही अक्कांना पटेना. "गाडी वर चढनी का हाऊ पळी जाई," म्हणत त्या काठी टेकत खाली उतरल्या, साहेबांना हाताला धरून खाली बसवलं आणि हात तसाच धरून शेजारी बसल्या.

आता मुलगा गाडी हाकेना. "माय, वर ये. तू खाले बशेल शे, मी गाडी कशी नेऊ?"

"मी वर उनू ते हाऊ पळी जाई!"

रांगेतला दुसरा कुणीही अक्कांच्या डोक्यावरून गाडी न्यायला तयार होईना. शेवटी साहेबच म्हणाले, "अक्का, गाडी मी हाकतो. पुलाच्या मध्यावर असल्यावर पळणार कुठे?"

अक्कांनी विचार केला आणि हात सोडला. "जाय. मी आठेच बसस. तडा गया ते माले दिसी."

दातारसाहेबांनी जन्मात कासरा धरला नव्हता. मुलाने तो त्यांच्या हातात दिला आणि स्वतः आईजवळ जाऊन बसला. बैलांना परका हात लगेच कळला. ते भडकले आणि गाडी खडखडत, हेलपाटत पुलावर सुटली. रांगेतली सगळी माणसं नव्या पुलाच्या तोंडाशी कठड्यावरून वाकून, तडा जातो का ते खाली बघायला लागली.

तेवढ्यात खालून अक्कांचा आवाज आला, "हयूहयू हाक रे साहेब, केळीना घड ठेचाई जातीन!"