मारतात म्हण

माझा हात चालतो, हे आधीच सांगून टाकते. स्पेलिंग चुकलं की लेकीच्या पाठीत धपाटा, उलट बोलली की फाडकन कानाखाली. दोन हजारनंतरची ती पहिली-पहिली वर्षं. बर्मिंगहॅमला येऊन मला बारा वर्षं झाली होती. हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत दिवसभर मी लोकांची फुटलेली डोकी शिवायचे आणि घरी आले की पुन्हा हात उगारायचे. आम्हाला आमच्या आईनं असंच वाढवलं, काय बिघडलं आमचं, असं वर तोंड करून सांगायचे.

लेक तेव्हा अकराची. इथेच जन्मलेली, त्यामुळे मराठीचा आनंदच. टेनिस शिकायला लागली आणि कहर झाला. इंग्लिशमध्ये टेनिसवाले सरावाला 'हिटिंग' म्हणतात. हिनं त्याचं सरळ मराठी करून टाकलं. "आई, आज मी कोचसोबत एक तास मारली." पहिल्यांदा ऐकून मी हसून हसून लोळले होते. मग आमच्या घरात तेच रूढ झालं. मारणं म्हणजे प्रॅक्टिस, कुणाला मारणं म्हणजे त्याला प्रॅक्टिस देणं.

त्या जूनमध्ये आमच्या क्लबच्या ग्रास कोर्टवर बायकांची एक छोटी टूर्नामेंट होती. बाहेरून येणाऱ्या खेळाडूंना क्लबातली कुटुंबं आपल्या घरी ठेवून घेतात. आमच्याकडे आली एक एकोणीस वर्षांची डॅनिश मुलगी. पाचव्या वर्षी हातात रॅकेट, पंधराव्या वर्षी शाळा सोडलेली, ज्युनियरमध्ये बरीच गाजलेली. आता प्रोफेशनल झाली होती, म्हणजे दर आठवड्याला नवं गाव आणि नवी खोली. बाप हाच कोच. तो जवळच्या गेस्ट हाउसमध्ये उतरला होता. इथं चांगलं खेळली तर पुढच्या मोठ्या टूर्नामेंटचं दार उघडणार होतं, आणि दुसरं काही तिच्या डोक्यातच नव्हतं.

पोरगी गुणी. वरणभात चाटूनपुसून खायची. लेक तर तिला सोडायलाच तयार नव्हती. त्या पोरीच्या दंडावर काळेनिळे डाग होते. मी विचारलं, तर म्हणाली, "गवतावर घसरले." मी डॉक्टर! दंडाच्या आतल्या बाजूला लागेल असं कोण घसरतं? पण मी फ्रीझरमधली मटारची पिशवी तिच्या हातात दिली आणि पोळ्या लाटायला घेतल्या.

दुसऱ्या दिवशी ती आंघोळीला गेली असताना लेक जेवता जेवता हळूच म्हणाली, "आई, तिचा बाबा तिला रोज मारतो."

"मारतो काय? मोठ्या माणसाला अरेतुरे? मारतात म्हण."

"तिचे बाबा तिला रोज मारतात."

"मग! शीक काहीतरी. तुझे बाबा ऑफिसमधून आले की सोफ्यावर आडवे. ते तुला कधी मारतात का?"

लेकीनं भात कालवला. मग मान खाली घालून जेवली.

पहिली मॅच ती जिंकली. दुसरीत शेवटच्या सेटमध्ये पाच-दोननं पुढे होती, आणि तिथून हरली. एकामागून एक डबल फॉल्ट. बाप कोर्टाबाहेरच्या जाळीमागे हाताची घडी घालून उभा, आणि ही बॉलकडे बघायचं सोडून त्याच्याकडे बघत होती. मला तिची कीव आली. जेवली की बरं वाटेल म्हणून मी गाडीतून डबा आणायला कार पार्कमध्ये गेले.

डबा घेऊन वळले, तर गाड्यांच्या शेवटच्या रांगेत त्यानं तिचे केस धरले होते. तिचं डोकं त्यानं गाडीच्या दारावर आपटलं. मग तिचा उजवा हात बॉनेटवर दाबून रॅकेटच्या कडेनं मनगटावर हाणलं. परत हाणलं. हाड मोडल्याचा आवाज मला ओळखू येतो. पोरीच्या तोंडून मात्र हूं की चूं नाही.

"मेल्या, सोड तिला!" मी मराठीतच किंचाळले आणि धावले. त्याच्या दंडाला कडकडून चावले. त्यानं कोपर मारलं, माझा ओठ फाटला, पुढचा दात हलला. मी स्टीलचा डबा दोन्ही हातांनी उचलून त्याच्या नाकावर घातला. रक्त आणि वरण त्याच्या पांढऱ्या शर्टावर ओघळलं. तो खाली बसला तरी मी हाणतच होते. क्लबच्या दोन माणसांनी मला ओढून बाजूला केलं. खरं सांगते, मला थांबायचं नव्हतं. मला बरं वाटत होतं. मग पोलीस आले आणि त्याला घेऊन गेले.

एक्स-रे आमच्याच हॉस्पिटलमध्ये काढला. मनगटाच्या हाडाचे दोन तुकडे. आणि वर, हाताच्या हाडांवर, जुनी जुळलेली फ्रॅक्चर्स. तिनं डाव्या हाताचं बोट ठेवून एकेक दाखवलं. हे तेराव्या वर्षी, सेमीफायनल हरले तेव्हाचं. हे सोळाव्या वर्षी, फायनल जिंकले, पण वाईट खेळून जिंकले तेव्हाचं. तिचं सगळं करिअर तिथं होतं. त्या मनगटानं ती पुढे बापाविना दोन वर्षं खेळली. सर्व्हिस काही पहिल्यासारखी बसली नाही, मग तिनं टेनिस सोडलं.

पण हे नंतरचं. त्या दुपारी तिच्या हाताला प्लास्टर घालून आम्ही दोघी बाहेर आलो, तर कॉरिडॉरमध्ये लेक बसलेली. माझं डोकं फिरलेलंच होतं, आणि ही तर दिवसभर तिलाच चिकटलेली असायची.

"तुला माहीत होतं? माहीत होतं आणि मला बोलली नाहीस, कार्टे?"

"बोलली ना. तू म्हणाली, मारतात म्हण."

"अगं, मला वाटलं प्रॅक्टिस! खरंच मारतो, असं नीट सांगता येत नाही?"

"मला वाटलं, तुला कळली. पण तू पण मारते ना, आई. सो मला वाटलं, तुला ते ओके आहे."

माझा हात वर गेला. कधी गेला, मला कळलंही नाही. लेकीनं डोळे मिटून मान खांद्यात घातली, सवयीनं.

ती डॅनिश मुलगी मध्ये आली. आमचं बोलणं तिला कळायचा प्रश्नच नव्हता. ओल्या प्लास्टरचा हात आडवा धरून ती माझ्या लेकीपुढे उभी राहिली, आणि मला, तिच्यासाठी दात हलवून घेतलेल्या मला, शांतपणे इंग्लिशमध्ये म्हणाली, "आधी मला मारा."