गॅस न भरणारा मिस्त्री

नांदेडला लातूर फाट्याजवळ गुलाम रसूल नावाचा गाड्यांच्या एसीचा मिस्त्री आहे. इतका उर्मट माणूस मी आयुष्यात दुसरा बघितला नाही. गाडी दारात लावली अन् म्हटलं, गॅस भरा, घाई हाय. त्यानं मानसुद्धा वर केली नाही. म्हणाला, गॅस भरायचा का न्हाई ते मी ठरवतो, तुम्ही सावलीत बसा. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. रेणापुरात माझी डाळ मिल आहे, अख्खं मार्केट मला अमृतशेट म्हणतं, अन् हा मला सावलीत बस म्हणून राहिला.

पण जाणार कुठं? मे महिना, सकाळचे साडेदहा, अन् ऊन आत्ताच चटके देत होतं. मागच्या सीटवर माझी पोरगी शिवानी ओली ओढणी डोक्यावर घेऊन बसलेली. तिला जन्मापासून घाम येत नाही. उन्हात आपण घामाघूम होतो, तिचं अंग नुसतं तापत जातं. मग उलट्या, मग शुद्ध हरपते. अन् दुपारी तिची मेडिकलच्या प्रवेशाची परीक्षा, सेंटर भोकरकडं, अजून पन्नास किलोमीटर. दीडला गेट बंद. सकाळी निघालो तेव्हा एसी झकास गार होता. लोह्याच्या पुढं ऊन चढलं तसं कोमट वारं यायला लागलं.

गेल्या वर्षी लोह्याजवळच पोरगी बेशुद्ध पडली होती. दवाखाना, सलाईन, पेपर गेला. तेव्हा एसीत चारच दिवस आधी गॅस भरलेला, बटण चालू, पंखा फिरतोय; मग मी काय समजायचं? मी सगळ्या पाहुण्यारावळ्यांत सांगितलं, पोरगी ऐनवेळी घाबरली. निलंग्याची माझी थोरली बहीण तर तिच्या तोंडावर म्हणाली, काळीज नसलं तर डॉक्टरकीचं नाव काढू नये.  शिवानी वर्षभर खाली मान घालून परत अभ्यासाला बसली.

रसूलनं पोरीचा लाल झालेला चेहरा बघितला अन् आपल्या बायकोला, रजियाला, हाक मारली. तिला आत कूलरपुढं बसवायला सांगितलं.  साठीचा माणूस, आधी ट्रकचे गळके रेडिएटर डाग देऊन झाळायचा, दोन्ही हात मनगटापर्यंत डागलेले. काम चालू असताना चहा घेत नाही, फोन घेत नाही, अन् गिऱ्हाईकाचं ऐकत तर मुळीच नाही. मी तीनदा घड्याळ दाखवलं. त्यानं निवांत बॉनेट उघडलं, दाब मोजायचं मीटर लावलं, काट्याकडं बघितलं अन् विचारलं, गॅस कुणी भरला? मी म्हटलं, लातूरला, दोन वर्षांत तीनदा.

"कमी न्हाई शेट, जास्त झालाय," तो म्हणाला. "रोग हाल्याला अन् इंजेक्शन पखालीला."

मग त्यानं बादली आणली अन् गाडीच्या तोंडाशी, रेडिएटरच्या पुढं जी जाळी असते, तिच्यावर मगानं पाणी मारायला लागला. मला वाटलं, झालं, येडा भेटला. पण दोन मिनिटांत काटा खाली आला अन् आतून गार वारं सुटलं. मग कुठं त्यानं तोंड उघडलं. गाडीतली गरमी ही जाळी बाहेर फेकते. जाळीतून वाराच जात नसला तर गरमी फेकणार कुठं? सकाळच्या गारव्यात भागतं, दुपारी उघडं पडतं. अशात गॅस भरत राहिलं की आजार वाढतो.

त्यानं बंपर उतरवलं अन् मला जवळ बोलावलं. जाळीवर बोटभर जाड थर. तुरीची फोलपटं, धूळ, चिखल, सगळं लिंपल्यासारखं वाळलेलं. गाडी धुता कशी, त्यानं विचारलं.

मी ताठ मानेनं सांगितलं. लातूरला रेल्वेनं पाणी आणायची वेळ आली होती, त्या सालापासून माझ्या गाडीला पाइप लागलेला नाही. अर्धी बादली, ओलं फडकं, रोज सकाळी मी स्वतः पुसतो. आमच्याकडं गाडीवर पाइप सोडणाऱ्याला लोक नावं ठेवतात, अन् सगळ्यात आधी मी ठेवतो. अन् गाडी लावतो मिलच्या शेडखाली. ओलं फडकं धूळ आत ढकलत गेलं, वरून फोलपटं बसत गेली, अन् मी दुनियेला पाण्याचं शहाणपण शिकवत फिरलो.

 रसूलनं जास्तीचा गॅस काढला, जाळी मागच्या बाजूनं हळूहळू पाणी सोडून धुतली, काटा परत बघितला. पावणेबाराला काम झालं. शिवानी दारात येऊन उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

"चाचा, गेल्या वर्षी बी हेच होतं का?"

रसूलनं माझ्याकडं बघितलं. एवढा वेळ मला त्याच्या फटकळपणाचा राग होता. आता वाटलं, एकदा खोटं बोल बाबा, एकदाच.

"हाव बेटी. चार-पाच वर्षांचा थर हाय. मागं बसणाऱ्याला तर भट्टीच."

गाडी निघाली. आत गारेगार. शिवानीनं पुस्तक उघडलं नाही. अर्धापूर गेल्यावर म्हणाली, "पप्पा, आत्याला फोन लावा." मी म्हटलं, पेपर होऊ दे. ती म्हणाली, आत्ताच, अन् स्पीकरवर. असा राग मी तिच्या आवाजात कधी ऐकला नव्हता, अन् तो रास्त होता. मी गाडी कडेला घेतली. तिकडून बहिणीनं फोन उचलला, पोरगी आज तरी बसती का परीक्षेला, म्हणून विचारलं.

"अक्का," मी म्हणालो, "गेल्या वर्षी ती घाबरली नव्हती. गरम वारं येऊन राहिलंय, असं तिनं मला तीनदा सांगितलं होतं. मी तिला गप बस म्हटलं."