चौकटीला दिलेला गडद रंग

आमच्या वस्तीत घर रंगवायचं तर डोकं चालवावं लागत नाही. भिंत निळी, दार निळं, चौकट निळी, कुणाची तर पाण्याची टाकीसुद्धा निळी. वडिलांनी तोच रंग दिला, मीही तोच देत आलो आणि त्याचा मला अभिमानच होता. बायकोची नजर जायला लागली तेव्हा मात्र त्या निळ्याचा मला पहिल्यांदा राग आला.

काचबिंदू होता. गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली जपा, असं अकोल्याच्या डॉक्टरांनी सांगितलं. आम्ही जपत होतो आणि ती जात होती. दार कुठलं आणि भिंत कुठली, हे तिला कळेना. दोनदा तिचं कपाळ फुटलं. भिंतीहून दार वेगळं दिसेल असा रंग द्या, असं डॉक्टर जाता जाता म्हणाले होते. बुडणारा माणूस हाताला लागेल ते धरतो, तसं मी ते एक वाक्य धरलं.

मग मी कारंजा गावातल्या रंगाच्या दुकानात चकरा मारल्या. पेंटरकडून भिंतीवर हातभर चौकोन काढून घेतले, आणि सकाळच्या उजेडात एकदा, दिवेलागणीला एकदा तिला त्यांच्यासमोर उभं करून विचारत राहिलो. हा दिसतो का? मग हा? ती बिचारी कुठल्या तरी एकाला हो म्हणायची. पेंटर वस्तीतलाच. "दादा, निळा सोडून राह्यले काय?" एवढं त्यानं विचारलं. त्यात टोमणा नव्हता, तरी मी त्याच्यावर खेकसलो. शेवटी भिंतींना सायीसारखा पांढरा डिस्टेंपर आणि दारं-चौकटींना गडद चॉकलेटी ऑइल पेंट, असं ठरलं. दोन हात मारून काम संपलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती खाटेवरून उठली, सरळ चालत गेली, चौकटीवर हात ठेवला आणि अंगणात उतरली. कुठे अडखळली नाही. मी स्वयंपाकघरात जाऊन रडलो. मग वस्तीभर सांगत सुटलो. पुढचे आठ दिवस ती घरभर तशीच फिरली. आणखी काय काय रंगवता येईल याचे बेत मी करू लागलो: ओट्याची कड, न्हाणीची पायरी, विजेची बटणं.

नवव्या दिवशी ती दाराच्या हातभर अलीकडे भिंतीवर आदळली.

मला दया यायला हवी होती. आला तो संताप. एवढा गडद रंग समोर असून नीट बघत नाहीस, असं मी तिला ओरडून बोललो. ती भिंतीला टेकून खाली बसली, कपाळ दाबून धरलं आणि शांतपणे म्हणाली, "रंग मले एकही दिवस दिसला नाही. दाराले नव्या रंगाचा वास येत होता, त्या वासानं जात होती मी. आता वास उडून गेला."

मग आधी सांगितलं का नाहीस, असं मी विचारलं.

"तुमी किती खुश होते," ती म्हणाली.

मी तिच्या कपाळाला हळद लावली, शेजारणीला तिच्याजवळ बसवलं आणि मिळाली ती एस.टी. पकडून कारंज्याला गेलो. दुकानदाराला म्हटलं, रंग कोणताही द्या, पण ज्याचा वास सगळ्यात जास्त दिवस राहतो असा द्या. त्याला वाटलं, मी उलटं बोललो. तो हसला आणि त्यानं एक चकचकीत डबा माझ्यापुढे ठेवला.

"वासाची चिंताच करू नका, काका. हा लावला तं घरात रंग देला हे समजत बी नाही."