साहेबाची पोर्ट आणि मामाचं मडकं

ऐन दारूबंदीत मी आयुष्यातली सर्वांत उंची दारू प्यायलो, आणि त्याच आठवड्यात तिच्या अर्ध्या बाटलीची माती केली. दोन्ही कामं मी मनापासून केली होती, हे आधीच सांगून ठेवतो.

साठच्या दशकातली गोष्ट. तारापूरला अणुवीज केंद्राचं बांधकाम चालू होतं आणि मी तिथे ड्राफ्ट्समन होतो. राहायला कुंभवलीला, मामाकडे. कुंभवलीत तेव्हा कारखाने नव्हते, ताड होते, आणि ताडी काढायला मामा रोज पहाटे त्यांच्यावर चढायचा. माझा साहेब विलायतेचा, पन्नाशीला टेकलेला, आमच्या उन्हात उकडलेल्या कोळंबीच्या रंगाचा झालेला. त्याच्याकडे दारूचं परमिट होतं. माझ्याकडे नुसती जीभ होती.

एका बुधवारी त्याने मला बंगल्यावर बोलावलं. टेबलावर एक काळी बाटली. "पोर्ट," तो म्हणाला. (तो इंग्रजीतच बोलायचा. इथे मी त्याला मराठीत बोलायला लावतोय, तो काही तक्रार करायला येत नाही.) ही द्राक्षाची दारू, आणि तीही एकाच वर्षाच्या द्राक्षांची. साहेबाची धाकटी मुलगी त्याच वर्षी जन्मली होती. त्यांच्यात चाल अशी, की मुलाच्या जन्मवर्षाची पोर्ट घेऊन ठेवायची आणि ते एकवीस वर्षांचं झालं की उघडायची. त्याच्या भावाने तिकडून नमुन्याची एक बाटली पाठवली होती. पसंत पडली तर बारा बाटल्यांची पेटी घ्यायची. पण हो की नाही ते शनिवारच्या टपालाने कळवायलाच हवं, नाहीतर पेटी दुसऱ्या गिऱ्हाईकाची.

"कोवळी पोर्ट पहिल्या दिवशी तोंड उघडत नाही," साहेब म्हणाला. "बूच काढून ठेवली की हळूहळू उलगडते. तिसऱ्या दिवशीही जी उभी राहते, ती वीस वर्षं टिकते."

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण म्हणालो, "आम्हाला काय सांगता, साहेब! आमची ताडी पहाटे साखर, दुपारी आंबटगोड आणि संध्याकाळी भांडखोर."

साहेब खूश. "म्हणजे तू जाणकार आहेस!"

आजवर मला कुणी कशातलाच जाणकार म्हटलं नव्हतं. मी मान डोलावली.

त्याने दोन इवल्याशा ग्लासांत ओतली. रंग जांभळाचा, अगदी काळाभोर. घोट घेतला आणि कच्चा चिकू चावल्यासारखी जीभ टाळूला चिकटली. गोडी होती, ताकद होती, पण दोघींच्या मध्ये कुणीतरी भिंत घातलेली. "कच्चा चिकू," मी निकाल दिला. साहेबाने चिकू म्हणजे काय ते विचारून घेतलं आणि गंभीरपणे वहीत लिहिलं.

गुरुवारी सकाळी त्याला मुंबईहून बोलावणं आलं. बंगल्याची किल्ली माझ्या हातात देत तो म्हणाला, "आज एक घोट, उद्या एक घोट, आणि नोंद. उद्या संध्याकाळी मी येतोच. बाटली कपाटातून हलवू नकोस."

संध्याकाळी मी घोट घेतला. चिकू पाडाला लागला होता! भिंतीला खिंडार पडलं होतं, पलीकडून करवंदाचा वास येत होता. कुणीही शहाणा माणूस आनंदला असता. मी घाबरलो. ताडीवाल्याच्या घरात राहणाऱ्याला एकच गोष्ट ठाऊक असते: गोड लागली की समजावं, आता आंबणार. उद्या साहेब येणार, तोवर हिचा शिरका झाला तर पोरीची पेटी गेली! मी बाटली एका ब्लूप्रिंटमध्ये गुंडाळली आणि सायकलवरून थेट मामापुढे नेऊन ठेवली.

मामाने वास घेतला. "कालची हाय?"

"कालची."

"मंग आंबणार. आमी नीरा कशी राखतो? मडक्याला आतून चुना. हे घे, वत यात."

"हलवू नको म्हणालाय साहेब."

"तुजा साहेब ताडावर चढलाय कवा?"

मी बाटली वाकडी केली. मडकं लहान होतं, म्हणून अर्धीच मावली. उरलेली बाटलीत राहिली, ती माझ्या हुशारीमुळे नव्हे.

शुक्रवारी सकाळी मडक्यात डोकावलो. जांभळाचा रंग गेलेला, त्या जागी हिरवट-काळा गाळ, आणि वास नुकत्याच सफेदी केलेल्या भिंतीचा. मामाने बोट बुडवून चाखलं आणि थुंकला. "विलायतीला चुना सोसत नाय," एवढंच बोलून तो कामाला लागला.

अर्धी बाटली मी कपाटात परत ठेवली. संध्याकाळी तिसरा घोट घेतला आणि खाली बसलो. भिंत नव्हतीच. मनुका, करवंद, मिरीचा किंचित झणका, आणि गिळल्यावरही छातीत बराच वेळ रेंगाळणारी ऊब. ती आंबली नव्हती, पिकली होती.

तेवढ्यात साहेब आला. त्याने बाटली उजेडात धरली, मग माझ्याकडे पाहिलं, आणि खो-खो हसत सुटला. "दोन घोट सांगितले, तर अर्धी बाटली! ती चांगली असल्याचा आणखी कसला पुरावा हवा?" आणि उभ्याउभ्याच भावाला पत्र लिहायला लागला.

मला सुटका दिसत होती. त्या काळात चोरून पिणारा ठरणं वाईटच, पण गाढव ठरण्यापेक्षा बरं. पण तिकडे साहेबाचं पेन चालत होतं. त्या पोरीच्या बारा बाटल्या माझ्या खोट्या तहानेवर ठरत होत्या.

"साहेब, थांबा. मी प्यायलो नाही. मी चुना घातला."

त्याला ते खरंच वाटेना. शेवटी मी सायकल हाणत मडकं आणायला गेलो. मडकं माझ्या हाती द्यायला मामा तयार नव्हता, म्हणून मडक्यासकट मामाही कॅरिअरवर बसून आला.

साहेबाने मडक्यात वाकून पाहिलं. त्याने अर्धं लिहिलेलं पत्र बाजूला सारलं.

"का?" त्याने मामाला विचारलं. दुभाषा मीच.

"आंबू नये म्हून. " मामाने टेबलावरच्या बाटलीचं तोंड हुंगलं. "पन तू त्याला इचार, उरलेली तीन दिस उघडी, तरी आंबली कशी नाय? यात कायतरी कालवलंय."

मी शरमत भाषांतर केलं. साहेबाने टेबलावर हात आपटला. "बरोबर ओळखलं!" रस अजून गोड असतानाच त्यात कडक ब्रँडी ओततात, मग आंबणं जागच्या जागी थांबतं. म्हणजे त्यांचा चुना आधीच पडलेला होता.

"मंग आदी सांगायला नको?" मामा मलाच म्हणाला.

साहेबाने उरलेल्यातली तीन ग्लासांत ओतली. आधी स्वतः डोळे मिटून चाखली. मग मामाकडे पाहिलं.

मामाने ग्लास रिकामा केला, मिशी पुसली. "चांगली हाय. पन वीस वरसं? तवर पोरगी सासरी जाईल. आजच प्या म्हनावं."

"आणि तू? हो की नाही, एका शब्दात सांग," साहेब मला म्हणाला. चुन्याच्या प्रकारानंतरही त्याला माझी जीभ हवी होती.

"हो," मी म्हणालो.

त्याने आधीचा कागद फाडला, नवा घेतला आणि दोनच ओळी लिहिल्या, पेटी घेऊन ठेव म्हणून. शनिवारी सकाळी ते पत्र बोईसरच्या पोस्टात मी टाकलं. टाकण्याआधी पत्ता दोनदा तपासला. मामाला वाचता येत नव्हतं, तरी तोही बरोबर आला होता, आणि पाकीट पेटीत पडल्याचा आवाज ऐकल्याशिवाय हलायला तयार नव्हता.