गाण्याचं मूळ स्टेशन

कुठलीही गोष्ट सर्वांत आधी कुणी केली हे कळल्याशिवाय ज्यांना घास उतरत नाही, अशा माणसांत आमच्या दाजींचा क्रमांक पहिला लागेल. आणि ‘पहिला कशावरून?’ असं विचारणारेही तेच असतील. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. उभी नोकरी त्यांनी मुदखेडला पॅसेंजर गाडीचे गार्ड म्हणून केली. शेवटच्या डब्यात बसून मागे पळणारे रूळ बघण्यात जन्म गेल्यामुळे असेल, त्यांची नजर कायम मागेच असते. ताईने वांग्याच्या भाजीला तिळाचं कूट लावलं, तर चव सांगायच्या आधी ते विचारतात, “हे कुणाचं?” शेजारच्या काकूंचं, असं कळलं की काकूंना कुणी शिकवलं, त्यांच्या जावेला कुणी, असं करत भाजी पार देगलूरपर्यंत जाते आणि ताटात गार होते. माझ्या सेवानिवृत्तीच्या समारंभात एका वक्त्याने माझ्यावर फार हृद्य भाषण केलं. दाजींनी ते डोळे मिटून ऐकलं आणि जेवताना मला शांतपणे सांगितलं की हेच भाषण याच गृहस्थाने चाकूरला एका मुख्याध्यापकांवर केलं होतं. “तिथं जरा बरं झालं होतं,” एवढंच वर म्हणाले.

या माणसाच्या हाती ती कॅसेट लागली, हे कॅसेटचं नशीब. नांदेडच्या गुरुद्वाऱ्याला परदेशांतून भाविक येतात. त्यांच्यापैकी कुणाची तरी ती दाजींच्या गाडीच्या डब्यात राहिली होती. दाजींनी ती रीतसर हरवलेल्या सामानात जमा केली. कित्येक महिने कुणी आलं नाही, तेव्हा तिथल्या बाबूने कंटाळून ती त्यांनाच देऊन टाकली. कॅसेटवर नाव नव्हतं. पट्टीच्या शेवटी एक बाई गात होती आणि गाणं पुरतं व्हायच्या आत ती संपत होती. अमेरिकेतल्या काळ्या लोकांचं, चर्चमधून बाहेर पडून प्रेमाबिमाकडे वळलेलं हे गाणं. त्याला तिकडे ‘सोल’ म्हणतात हे पुढे कळलं. दाजींना इंग्रजी रेल्वेपुरतं येतं आणि गाण्यात रेल्वेचा एकही शब्द नव्हता. तरी ते सांगत, “बाई कुणाची तरी वाट बघून राहिली, अन् तो येणार न्हाई हे तिला ठावं हाय. हे कळायला इंग्रजी कशाला लागतंय?”

लातूरजवळचं मुरुड हे आमचं गाव, म्हणजे दाजींची सासुरवाडी. जावई आला की आमच्या घरी पाणी पिऊन तडक बँडवाल्यांच्या दुकानी जायचा. दाजींच्या लग्नात बँड वाजला तो तिथल्या वस्तादांचा. त्यांचा मुलगा, पुढे तोच बँडचा मास्तर झाला, दाजींच्याच वयाचा, क्लॅरिनेट वाजवायचा. दोघांचं असं जमलं की लग्न नक्की कुणाशी झालं, असा प्रश्न ताईला पडे. एका उन्हाळ्यात दाजींनी ती कॅसेट दुकानात लावली. म्हाताऱ्या वस्तादांनी ती तीनदा ऐकली आणि दिवस मावळेपर्यंत चाल बँडवर बसवलीसुद्धा. तेव्हापासून आमच्या पंचक्रोशीत नवरीची पाठवणी त्या चालीवाचून झाली नाही. पुढे भजनी मंडळाने तिच्यावर गवळण बसवली, शाळेने पाहुण्यांचं स्वागतगीत बसवलं आणि एका उमेदवाराने स्वतःचं नाव बसवून ती जीपवर फिरवली. उमेदवार पडला, चाल टिकली.

निवृत्तीनंतर मुलाने दाजींना फोन घेऊन दिला आणि मूळ गाण्याचा शोध सुरू झाला. पद्धत रेल्वेची. भलतीकडे गेलेलं पार्सल शोधायचं तर शेवटच्या स्टेशनाला विचारायचं, ‘तू कुणाकडून घेतलंस?’ मग त्याच्या मागच्याला. दाजींनी वही घातली. गाणारा कोण, त्याने कुणाचं ऐकून गायलं, आणि शेवटच्या रकान्यात शेरा: ‘सील शाबूत’ किंवा ‘सील तुटलेलं’. पन्नास व्हायोलिनं लावून गायलेल्या एका आवृत्तीपुढे ‘माल कमी, पॅकिंग जास्त’ अशी नोंद मी स्वतः वाचली आहे. मला फोन करून ते ऐकवत. “हे बघ, इथं बाईच्या जागी बाप्या हाय. आता वाट कोण कुणाची बघून राहिलं, सगळा घोळ.” सातासमुद्रापलीकडच्या अनोळखी लोकांना ते अर्जाच्या भाषेत पत्रं लिहीत: सदर गाण्याचं मूळ स्टेशन कळवण्याची कृपा व्हावी. बहुतेकांनी कृपा केली नाही. शेवटी जुन्या तबकड्या जमवणाऱ्या एका म्हाताऱ्या गोऱ्याने उत्तर दिलं आणि सोबत मूळ गाणंही धाडलं.

वहीतल्या अकराही आवृत्त्यांच्या मागे एक पोरगी निघाली. चर्चमध्ये गाणारी. एका लहान गावात स्वतः रचलेलं हे गाणं तिने एकदाच तबकडीवर गायलं, ती खपली नाही. मग एका नामांकित बुवाने ते गायलं आणि त्याच्या मागच्या सगळ्यांनी ते त्याचंच धरलं. दाजींच्या कॅसेटवरची बाई सातवी होती. कुठेच त्या पहिल्या पोरीचं नाव नव्हतं. दाजींना दोन दिवस जेवण गेलं नाही असं ताई सांगते. ताईच्या सांगण्यातून निम्मं वजा करावं, तरी एक दिवस उरतोच.

नेमकं त्याच आठवड्यात निमंत्रण आलं. लातूरच्या एका संस्थेने मास्तरांना जीवनगौरव जाहीर केला होता आणि पत्रिकेत त्यांच्या वडिलांविषयी, म्हणजे वस्तादांविषयी, छापलं होतं: ‘पाठवणीच्या अजरामर चालीचे जनक’. दाजींनी फोन लावला.

“मास्तर, ती चाल आपली न्हाई. कॅसेट मीच आणली होती.”

“अब्बांनी बसवली, गार्डसाहेब. माझ्यासमोर. तुम्ही तिथंच भजे खात होता.”

“बसवली. रचली न्हाई.”

“बरं. मग या लातूरला अन् सांगा माईकवर, का मास्तरचा बाप चोर होता.” फोन बंद झाला. आयुष्यात पहिल्यांदा मास्तरांनी दाजींचा फोन मधेच ठेवला.

ताई म्हणाली, “त्या पहिल्या पोरीला तुम्ही बघितलंबी न्हाई. मास्तरांसंगं जन्म काढला. जवळचं कोण?”

“जवळचं कोण ते न्हाई विचारून राहिलो. पहिलं कोण ते विचारून राहिलो,” दाजी म्हणाले. “मी गप बसलो, तर तिचं नाव खाणाऱ्यांत माझा नंबर बारावा.”

लातूरच्या सभागृहात व्यासपीठावर सात खुर्च्या आणि अकरा मान्यवर होते, त्यामुळे कार्यक्रम वेळेवर सुरू होण्याचा धोका नव्हता. दाजी वही घेऊन आले होते. मला वाटलं, ते पहिल्या रांगेत बसतील. ते थेट मागच्या खोलीत गेले, मागोमाग मी. मास्तर जरीच्या कोटात एकटेच बसले होते. त्यांनी दाजींकडे बघितलं नाही. दाजींनी फोन पुढे केला आणि कानात घालायची वायर दिली.

“आधी मूळ गाणं ऐका. मग मी वर बोलायचं का न्हाई, ते तुम्ही सांगा.”

मास्तरांनी ऐकलं. गुडघ्यावर त्यांची बोटं क्लॅरिनेटच्या भोकांवर फिरावीत तशी फिरत होती. मधे एकदा मान हलली. मग बोटं थांबली आणि कपाळाला आठी पडली.

“बाई लई चांगली गाती,” ते म्हणाले. “पण थांबली कुठं?”

“थांबत न्हाई ती. आवाज हळूहळू कमी करत नेलाय. तिकडं तशीच रीत हाय.”

“म्हणजे मधीच सोडलं.” मास्तरांनी वायर काढली. “पाठवणीला असं सोडलं तर नवरीचा बाप हाणंल मला. नवरी गाडीत बसली, दार लागलं, का चाल टेकली पाहिजे.” जरा वेळ ते कोटाची गुंडी फिरवत बसले. “एकट्या क्लॅरिनेटचं ते वर चढणं अन् शेवटी ढोलावर एक हलकी थाप. ते हिच्यात न्हाई.”

“ते अकराजणांत कुणाच्यात न्हाई,” दाजी म्हणाले. “वहीत बघा. ते वस्तादांचं.”

“एवढंच?”

दाजींना खोटं बोलता येत नाही, हा त्यांचा जुना दोष. “एवढंच,” ते म्हणाले.

मास्तरांनी बराच वेळ वहीत बघितलं. मग त्या पोरीचं नाव दाजींकडून तीनदा म्हणवून घेतलं, उर्दूत तळहातावर लिहिलं आणि व्यासपीठावर गेले. शाल-श्रीफळ झाल्यावर त्यांनी तळहात बघत ते नाव घेतलं. चाल या बाईची, म्हणाले, आणि शेवट अब्बांचा. टाळ्या पडल्या. मग अध्यक्षांनी समारोपात त्या अजरामर चालीचे जनक म्हणून वडिलांना पुन्हा आदरांजली वाहिली, कारण त्यांचं भाषण आधीच लिहून आणलेलं होतं.

मास्तर दाजींशी पुन्हा बोलू लागले आहेत, पण पूर्वीसारखी चेष्टा करत नाहीत. दाजींना ते टोचतं. कबूल करत नाहीत. बँडचं पाठवणीचं रेकॉर्डिंग त्यांनी त्या गोऱ्याला पाठवलं आणि ती पहिली बाई हयात असेल तर तिला ऐकवा, असा अर्ज केला. उत्तर आलेलं नाही. परवा नांदेडला त्यांच्या नव्या घरी गेलो, तेव्हा ते ओसरीवर फोन कानाशी धरून मूळ गाणं ऐकत होते. बाईचा आवाज कमी होऊ लागला तसं त्यांचं बोट आवाज वाढवत गेलं, वाढवत गेलं, आणि शेवटी नुसती खरखर उरली. तरी फोन कानालाच.

ताई चहा घेऊन आली. म्हणाली, “संपलं का?”

“न्हाई,” दाजी म्हणाले. “चालूच हाय. आपल्याला ऐकू येईना, एवढंच.”