पोराच्या कंपनीचं काम

आता मोबाइलवर बोलणं जवळजवळ फुकट झालंय, आणि शुक्रवारी फोन करावा अशी आई राहिलेली नाही. तिच्या फोनवरच्या बोलण्याचे दोन कालखंड होते: एक मक्तेदारीचा, दुसरा स्पर्धेचा.

आखातातल्या एका चिमुकल्या देशात मी टेलिफोन कंपनीच्या हिशेब खात्यात होतो. देशात कंपनी एकच, त्यामुळे दर ती म्हणेल तो. आई इकडे नाशिकला, पंचवटीत. शुक्रवारी तिथे सुट्टी असायची, तेव्हा मी फोन करायचो.

"बरा हाय ना? जेवला? मग ठेव आता, बिल चढतंय."

आईचं माहेर सायखेड्याचं. शहरात राहूनही तिची बोली सुटली नाही. मी घसा खाकरेपर्यंत फोन संपलेला असायचा. मला भयंकर राग यायचा, पण काढणार कोणावर? दर लावणाऱ्यांचंच मीठ मी खात होतो.

मग तिथल्या सरकारने टेलिफोनचा धंदा इतरांना खुला करायचं ठरवलं आणि आमचे हिशेब बघायला तपासनीस पाठवले. भारतातल्या कॉलला खरा खर्च किती येतो, एवढंच त्यांना हवं होतं. आमचे साहेब समुद्राखालच्या केबलपासून ऑफिसच्या रंगकामापर्यंत सगळं त्या कॉलच्या माथी मारायचे. तपासनीस शांतपणे एकेक रक्कम खोडायचे. मी साहेबांच्या शेजारी फायली धरून बसायचो आणि मनात म्हणायचो, खोडा, अजून खोडा.

दर उतरले. दुसरी कंपनी आली, गिऱ्हाइकं तिकडे पळाली आणि आमच्याकडे नोकरकपातीची कुजबुज सुरू झाली. स्वतःच्याच पायावर धोंडा पडावा म्हणून मी देव पाण्यात घालून बसलो होतो! एका शुक्रवारी तोंडून निघून गेलं, "आई, कंपनीचा धंदा बसलाय. माझ्या नोकरीचं काही खरं नाही."

पुढच्या शुक्रवारी आई फोन ठेवेचना. मामाच्या द्राक्षबागेवर पडलेला रोग सांगून झाला, घाटावर पाणी कुठवर चढलं ते झालं, शेजारच्या मुलीला बघायला आलेल्यांनी पोहे खाऊन नकार कळवला त्यांचाही उद्धार झाला. शेवटी मीच म्हटलं, "आई, बिल चढतंय."

"चढू दे! तेवढाच तुझ्या कंपनीला धंदा. मी काय दमले नाय."

मग तिने शेजारच्या काकूंच्या हातात फोन दिला. मागून आवाज आला, "बोला वो, लाजू नका. पोराच्या कंपनीचं काम हाय."

ते बिल माझ्याच खिशातून जात होतं, हे मी तिला कधीच सांगितलं नाही. इतक्या वर्षांनी आई पोटभर बोलत होती. उपाशी माणूस वाढलेलं ताट कशाला परत करेल? दुसऱ्या कंपनीचा दर आणखी कमी होता, पण त्यांच्या लाइनवरून केलेला फोन घ्यायला ती तयार नव्हती. "दुश्मनाला कशापायी पैसे द्यायचे?" म्हणायची. तिचे ते शुक्रवार आजही मला जिवापेक्षा प्यारे वाटतात.

नोकरी मात्र गेलीच. सामान घेऊन नाशिकला परतलो. आईने गरम भाकरी वाढली आणि समोर बसून राहिली. मग हळूच म्हणाली,

"मी कमी बोलले का रे?"