शुभांगीचा इंग्रजीचा पेपर

रिसोडजवळच्या मळ्यात पालकाच्या जुड्या बांधता बांधता शुभांगी इंग्रजी शिकत होती. शिकवणारी तिचीच लेक, आठवीतली वैभवी. अंगणवाडीत मदतनीस म्हणून नऊ वर्षं खिचडी शिजवणाऱ्या शुभांगीला सेविका व्हायचं होतं आणि त्यासाठी बारावी हवी होती. बाकी विषयांचं तिला भय नव्हतं. इंग्रजीत मात्र ती लग्नाआधी नापास झाली होती.

"'शी इज कटिंग पालक.' यात मेन व्हर्ब कोनता?"

"इज."

"कायचा इज! काम कोनतं चालू हाये?"

"कापनं."

"मंग कटिंग मेन. इज नुसता त्याच्या मदतीले."

शुभांगीचे हात थांबले. "म्हंजे आपलं 'कापून राह्यली'. कापून मेन, अन् राह्यली हेल्पिंग?"

"आता कसं!"

"अन् 'शी हॅज अ काऊ'? हॅज तं मदतीले असते म्हनली तू काल."

"तिथं दुसरं कोनी नाही ना, माय. मंग त्यालेच सारं करा लागते."

"माह्यावानी," शुभांगी म्हणाली आणि दोघी हसल्या.

हिवाळाभर हे असंच चाललं. खिचडी ढवळतानाही ती मनात वाक्यं फोडू लागली.

फेब्रुवारीत इंग्रजीच्या, म्हणजे पहिल्याच पेपरला गजेंद्रनं बायकोला मोटारसायकलवर परीक्षा केंद्रावर आणलं. दारातल्या सरांनी हॉलतिकीट पाहिलं, मग आधार पाहिलं.

"इथं गोमती ग्यानबा, तिथं शुभांगी गजेंद्र. या दोन बाया झाल्या ना, ताई."

गोमती हे तिचं माहेरचं नाव. लग्नात गजेंद्रनं ताटातल्या तांदळावर अंगठीनं शुभांगी लिहिलं. त्यानंतर सासरी तिला गोमती म्हणणारं कोणी नव्हतं. शाळेचे दाखले तेवढे जुन्याच नावाचे राहिले. गल्लीतल्या बहुतेक बायांची अशी दोन नावं. ती कुठे जुळवून घ्यायची असतात, हे घरात कोणाच्या मनातही आलं नव्हतं.

"फोटो माहाच हाये, सर."

"दिसते मले. पन नाव बदलल्याचा कागद पाहिजे. राजपत्र, नाहीतर लग्नाचं प्रमाणपत्र. मी तसंच कसं सोडू?"

लग्नाची नोंद कधी केलीच नव्हती. गजेंद्रनं सासऱ्यांना फोन लावला, ग्रामसेवकाला लावला. "सर, लग्नाची पत्रिका चालते का? घरी हाये एक."

सरांनी नकारार्थी मान हलवली. घंटा झाली. फाटक लागलं.

तीन तास दोघं बाहेर बसून राहिले. उठून घरी जावं, हे कोणालाच सुचलं नाही. पेपर सुटल्यावर शुभांगीनं एका मुलीकडून प्रश्नपत्रिका मागून घेतली. मुख्य आणि सहाय्यकारी क्रियापदं ओळखायची पाच वाक्यं होती. ती शब्दांवर बोट ठेवत पुढे गेली. कुठेच अडली नाही.

"येते का?" गजेंद्रनं विचारलं.

"पाचही."

मुलगी कागदासाठी थांबली होती. शुभांगीनं नीट घडी घातली आणि प्रश्नपत्रिका तिच्या हातात दिली.